पाच दारांची तारमास्तर

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला नाव नसतं, दुखणं असतं. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे "पट्टेवाले येऊन गेले का", "त्या दोरा तुटणाऱ्या बाईंना कळवा", "तेलगळतीला म्हणावं उद्या या" हीच आमची भाषा. दुकान मामाचं. मी मामाचा भाचा, म्हणजे पगार अर्धा आणि बोलणी दुप्पट. मिस्त्री आतल्या खोलीत मशीन उघडून बसतात. मी बाहेर सुटे भाग शोधतो, पार्सलं बांधतो, बिलं करतो. आणि खिडकीपाशी दोन फोन, एक जुना कॉम्प्युटर आणि हमखास थंड झालेला चहा घेऊन ताई बसतात. दुकानात येणारा प्रत्येक निरोप त्यांच्या हातून जातो.

तोंडावर ताई, माघारी तारमास्तर. हे नाव मिस्त्रींनी ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की पूर्वी तार एका खोलीत एका माणसाकडे यायची. कुणाच्या घरी काय झालं ते सगळ्यांत आधी त्याला कळायचं, आणि तो बापडा चेहऱ्यावर काही न दाखवता घरी जाऊन जेवायचा. तशी ही बाई. हे नाव आपल्याला माहीत आहे, हे ताईंनी कधी बोलून दाखवलं नाही. एकदा मात्र मिस्त्रींच्या चहात साखर नव्हती. त्यांनी विचारलं तर ताई कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाल्या, "तारेत साखरेचा उल्लेख नव्हता." त्या दिवसापासून नाव पक्कं झालं.

निरोप फोनमधल्या पाच ठिकाणांहून यायचे. त्या ठिकाणांची खरी नावं ताईंनी कधी घेतली नाहीत. त्यांच्यासाठी ती पाच दारं होती. हिरव्या दारातले लोक लिहायचे नाहीत, बोलून पाठवायचे, मागे कुकरची शिट्टी आणि पोराचं रडणं. निळ्या दारात जरा वयस्कर मंडळी, आधी नमस्कार, मग हवापाणी, मग मशीन. फोटोंच्या दारात तरुण मुली, आधी बदाम, मग तुटलेल्या भागाचा फोटो, तोही असा सुंदर काढलेला की तुटलेलं काय ते कळू नये. विमानाच्या दारात घाऊक गिऱ्हाइकं, त्यांना सगळं कालच हवं असायचं. आणि पाचवं नकाशाचं दार. तिथे लोक दुकानाला तारे द्यायचे आणि ताऱ्यांखाली भांडण लिहून जायचे, रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना वाचता येईल असं.

त्यातही माणूस एका दारात टिकला तर शपथ. सकाळी हिरव्या दारात "ताई, शटल मिळालं का" म्हणणारी बाई दुपारी फोटोंच्या दारात शटलचा फोटो टाकायची आणि संध्याकाळी नकाशाच्या दारात एक तारा देऊन लिहायची, "उत्तर देत नाहीत." उत्तर हिरव्या दारात तिची वाट बघत उभं असायचं. ताई शांतपणे जाऊन तिला तिसऱ्या दारात सांगायच्या, "पहिल्या दारात या." मी म्हणायचो, "ताई, तुम्ही दुकानात बसत नाही, चौकात वाहतूक सांभाळता." त्या म्हणायच्या, "शिट्टी तेवढी आणून दे."

दुकान बंद व्हायच्या आधी त्यांचा एक नेम होता. पाचही दारं एकेक करून उघडायच्या आणि बिनउत्तराचं कुणी उरलं आहे का ते बघायच्या. उत्तर नसलं तरी उत्तर द्यायचं. "अजून कळलं नाही, उद्या सांगते" एवढं का होईना. मामा शटरला हात लावून उभा, मी चप्पल घालून उभा, आणि ताई, "थांबा, विमानाच्या दारात एकजण उभा आहे."

एकदा डबा खाताना मी चिडवलं. "एक दिवस राहिला उभा तर काय बिघडतं? गिऱ्हाईक आहे, जावई नाही."

ताईंनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. म्हणाल्या, "आमचे हे ट्रक चालवायचे. पंधरा पंधरा दिवस बाहेर. तेव्हा एक जुनं दार होतं, तुझ्या वेळी नसेल. सगळे नातेवाईक ते सोडून हिरव्या दारात गेले, मीही गेले. ह्यांचा फोन जुना, त्यात हिरवं चालेना. हे आपले जुन्यातच लिहीत राहिले. मी म्हटलं, रोज फोनवर बोलणं होतंच की. ते दार मी परत उघडलंच नाही."

"मग?"

"मग हे गेले. रस्त्यातच, गाडी कडेला लावून, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. सगळे पाहुणे आपापल्या घरी गेल्यावर मी ते दार उघडलं. जेवलीस का. इथे ऊन फार आहे. आज एके ठिकाणी तुझ्यासारखी भाजी मिळाली. बघत नाहीस वाटतं. आणि शेवटी, असू दे."

मी डब्याचं झाकण लावलं.

"पुढे ती सेवाच बंद पडली," ताई म्हणाल्या. "त्यांनी म्हणे आधी कळवलं होतं सगळ्यांना. पण कळवलं त्याच दारात." आणि तुकडा तोंडात टाकून त्यांनी विषय मिटवला.

यानंतर मी शटरपाशी चप्पल घालून उभा राहायचो, पण बोलायचो नाही.

आता आवाजवाल्या काकांचं सांगतो. हे गृहस्थ त्यांच्या बायकोचं पायमशीन घेऊन आले. बायको वारली होती. जुनं, काळं, जड मशीन, फळीच्या कडा हाताने झिजलेल्या. तक्रार एकच, "आवाज येतो." मिस्त्रींनी उघडलं, साफ केलं, तेल दिलं, पट्टा बदलला. मशीन लोण्यासारखं चालायला लागलं. काका आले, चाक हाताने फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "येतोय." मिस्त्रींनी पुन्हा उघडलं. पुढच्या आठवड्यात काका आले, चाक फिरवलं. "येतोय." मिस्त्री मला आत बोलावून म्हणाले, "मला तर ऐकू येत नाही. बहिरा झालो असेन." मग तो शिरस्ताच पडला. काका यायचे, मशीनवर हात ठेवून स्टुलावर बसायचे, कुणाशी न बोलता, आणि "येतोय" म्हणून निघून जायचे. मधल्या दिवसांत निळ्या दारात लिहायचे, "नमस्कार. आवाजाचं काय झालं?" ताई लिहायच्या, "मिस्त्री बघतायत."

मशीन दुकानात येऊन आठवडा झाला नसेल, तोच हिरव्या दारात एक मुलगी आली. फोटोच्या जागी कुंडीतलं निवडुंग. म्हणून ती आमची निवडुंगवाली. तिने लिहिलं होतं, "माझ्या वडिलांनी आईचं मशीन तुमच्याकडे टाकलंय का? शेजारच्या काकूंकडून कळलं. मी विचारलं हे त्यांना सांगू नका." आणि लगेच खाली, "विकत तर नाहीत ना?"

ताईंनी लिहिलं, "विकायला नाही, दुरुस्तीला आहे."

तिथून ते सुरू झालं. काका येऊन गेले की दुसऱ्या दिवशी निवडुंगवाली विचारणार, "आले होते का? कसे होते?" आणि ताई सांगणार. थोडं थोडं करून ताईंना सगळं कळलं. आई आजारी असताना मुलगी तिला आपल्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला आली होती. वडील म्हणाले, घरातच बरी होईल. ती झाली नाही. मुलीने चार माणसांदेखत म्हटलं, "आईला तुम्ही घालवलंत." वडील म्हणाले, "मग मीही गेलो असं समज." त्यानंतर एकाने फोन केला नाही की दुसऱ्याने. बापलेकीत उरलं होतं ते आमचं दुकान. तिला बापाची खबर लागायची ती ताईंच्या बोटांतून.

"ताई," मी एकदा म्हटलं, "हे आपलं काम आहे का?"

"ती विचारते म्हणून सांगते."

"आणि काकांना माहीत आहे?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "सुया मोजून झाल्या का तुझ्या?" म्हणाल्या. म्हणजे प्रश्न बरोबर लागला होता.

असं सगळं चाललेलं असताना मामाने नवी खिडकी आणली. हा एक प्रोग्रॅम. पाचही दारांतले निरोप एकाच पडद्यावर, आणि एका माणसाची सगळी बोलणी एकाखाली एक. विकायला आलेला तरुण इस्त्रीचा शर्ट घालून ताईंच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि म्हणाला, "आता शोधाशोध बंद. नंबर एक, तर माणूस एक. खिडकी आपोआप जोडते. तुम्ही फक्त उत्तर द्यायचं. ज्या दारावर शेवटची टकटक झाली, उत्तर त्याच दाराने जाणार."

आतून मिस्त्री म्हणाले, "आमच्या घरात एका नंबरावर सहा माणसं आहेत."

तरुण हसला. मिस्त्री काही विनोद करत नव्हते.

पण खिडकी कामाची होती, हे कबूल करायला हवं. पहिल्या दोन दिवसांत ताईंचा चहा गरम असताना संपला, आणि असं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. शटलवाली बाई तीन दारांत तीन वेळा भांडली तरी पडद्यावर एकच बाई दिसायची आणि एकदाच समजवावं लागायचं. मामा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बघ, ह्याला म्हणतात सुधारणा." ताईही म्हणाल्या, "बरं आहे." ताईंच्या तोंडून "बरं आहे" म्हणजे दुसऱ्याचं "वा वा".

तिसऱ्या दिवशी दुपारी निवडुंगवालीचा निरोप आला. "काल आले होते का? कसे होते?" काका आदल्या दिवशी खरोखरच येऊन गेले होते. ताई उत्तर लिहायला बसल्या. त्या एका बोटाने लिहितात, नजर अक्षरांच्या पाटीवर, पडद्यावर नाही. त्यांनी लिहिलं: "आले होते. उजवा पाय जरा ओढत होते. दाढी केलेली होती, पण शर्टाचं मधलं बटण तुटलंय. मशीनवर हात ठेवून बराच वेळ बसले. तुमचं नाव काढलं नाही. मशीनला काही झालेलं नाही, कधीच नीट झालंय. ते न्यायचं टाळतात. एकटे पडलेत." आणि पाठवलं.

मग मान वर केली. निवडुंगाचा फोटो होता, त्याच्याखाली तिचा प्रश्न होता. आणि प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये, त्या लिहीत असताना आलेली, आणखी एक ओळ होती. "नमस्कार. उद्या येऊ का? आवाजाचं बघायचं होतं."

ताईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. ओळ तिथेच होती. आणि त्यांच्या उत्तराशेजारी हिरव्याऐवजी निळा ठिपका.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की मी हातातलं पार्सल तसंच टाकून गेलो.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. काकांनी पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा निळ्या दारातलं खातं मुलीनेच काढून दिलं होतं, आणि सोयीसाठी नंबर स्वतःचा घातला होता. हे तिनेच मागे बोलता बोलता ताईंना सांगितलं होतं. तेव्हा त्यांचं बोलणं चालू होतं. खिडकी आल्यापासून काकांनी काही लिहिलं नव्हतं. आज लिहिलं, खिडकीने नंबर बघितला, तो निवडुंगवालीचा निघाला आणि बापलेकीला एका माणसात बसवून टाकलं. वर्षभर जे दोघांना जमलं नव्हतं, ते त्या प्रोग्रॅमने क्षणात केलं.

"परत घेता येतं का?" ताईंनी विचारलं.

"पुसता येतं," मी म्हटलं. "पण बघा." उत्तराखाली खूण आली होती. काकांनी वाचलं होतं.

मामा म्हणाला, "पुसा, पुसा. म्हणावं चुकून दुसऱ्याचं आलं."

"बटण त्यांचंच तुटलंय," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याचं कसं म्हणू?" आणि त्यांनी ते पुसलं नाही. निळ्या दारात एवढंच लिहिलं, "हे तुमच्यासाठी नव्हतं. पण तुमच्याबद्दल होतं. चूक माझी आहे." मग हिरव्या दारात मुलीला जसं घडलं तसं कळवलं, एक अक्षर न लपवता.

मुलीचं उत्तर आलं. "मी एवढी एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे." आम्ही वाचत होतो तोवर निवडुंग नाहीसं झालं आणि त्याजागी कोरं करडं वर्तुळ आलं. तिने दार आतून लावून घेतलं होतं. त्या दिवशी मामाने शटर ओढलं तेव्हा ताई पाच दारं बघायची विसरल्या. मी आठवण केली नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. शर्ट वेगळा होता, बटणं सगळी जागेवर. स्टुलावर बसले नाहीत. सरळ ताईंच्या टेबलापाशी गेले.

"माझा पाय मी ओढत नाही," म्हणाले. "चप्पल सैल आहे."

"बरं," ताई म्हणाल्या.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुम्ही मशीन टाकलंत त्या आठवड्यापासून."

"आणि काय विचारते ती?"

ताईंनी हात मांडीवर घेतले. "ते नाही सांगणार, काका. तिच्या दारातलं तुमच्या दारात आणणार नाही."

काका कोरडं हसले. "माझ्या दारातलं तिच्या दारात पोचवत होतात, तेव्हा?"

दुकानात मिस्त्रींची ठोकाठोक चालू होती ती थांबली. ताईंचं तोंड मी कधी असं पाहिलं नव्हतं.  

"तुमचं खरं आहे," ताई म्हणाल्या. "कालची चूक बोटाची होती. पण त्याआधीचं रोजचं सांगणं, ती चूक बोटाची नव्हती. तुम्हाला न विचारता तुम्ही कसे बसता, कसे उठता ते मी सांगत होते. मला वाटलं, मी कुणाला बिनउत्तराचं ठेवत नाही. तुम्हीही त्याच दुकानात बसलेले असायचात, हे लक्षातच घेतलं नाही."

काकांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, धूळ बघितल्यासारखं. "एकटा पडलोय," म्हणाले. "असं लिहिलंय तुम्ही. दुकानातल्या बाईने मुलीला कळवावं इतका."



"मशीन द्या," काका म्हणाले.

मिस्त्री बाहेर आले. "काका, आवाज?"

"नाही येत," काका म्हणाले. "येत नव्हताच."

टेम्पो बोलावला. खालचं लोखंडी पायडल मी आणि मिस्त्रींनी चढवलं. वरचं डोकं काकांनी कुणाला उचलू दिलं नाही. ते पुढे ड्रायव्हरशेजारी न बसता मागे मशीनजवळ बसले, एक हात फळीवर. टेम्पो वळला. मामा म्हणाला, "गिऱ्हाईक गेलं." मिस्त्री म्हणाले, "गिऱ्हाईक आपण केव्हाच घालवलं होतं. आज माणूस गेला." मामाला हे समजलं नाही आणि त्याने समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

ताईंनी त्या संध्याकाळी दोन गोष्टी केल्या. खिडकीचं आपोआप जोडणं बंद करायला लावलं. "पैसे भरलेत मी," मामा म्हणाला. "मग तुम्ही बसा इथे," ताई म्हणाल्या, आणि मामा शटरच्या दुरुस्तीबद्दल बोलू लागला. दुसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण मला दिसत होती. कुणी विचारलं, "आमच्या सासूबाई आल्या होत्या का तुमच्याकडे?" की ताई लिहायच्या, "मशीनबद्दल विचारा." एवढंच. चहा पुन्हा थंड व्हायला लागला.

करडं वर्तुळ मात्र त्या रोज बघायच्या. दारं लावताना सगळ्यांत शेवटी. तिथे लिहिलेलं पोचणार नव्हतं आणि तिकडून काही येणारही नव्हतं. तरी उघडायच्या, बघायच्या, बंद करायच्या. मला एकदा वाटलं म्हणावं, ताई, हे जुनं दार नाही. पण काही गोष्टी चिडवायच्या नसतात, एवढं शाळेत शिकवलं नसलं तरी मला कळतं.

मग एके दुपारी निळ्या दारात काकांची ओळ आली. नमस्कार नाही, हवापाणी नाही. "शर्टाचं बटण लावलं. तिला कळवा."

मी मागून वाचलं आणि मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "ताई, पाठवा ना दुसऱ्या कुठल्यातरी दाराने. फोटोंच्या दारात असेल ती. मी शोधून देतो."

ताई लिहिण्याच्या पाटीवर बोट ठेवून बसल्या होत्या. पाठवायला एक निरोप, द्यायला एक उत्तर. वर्षानुवर्षं त्या ज्यासाठी तिथे बसल्या होत्या, तेच. त्यांनी लिहिलं, "हे मी नाही कळवणार, काका. तुम्ही कळवा."

काकांचं लगेच आलं. "तिचा नंबर मी पुसला होता."

ताईंनी चष्मा नीट केला. मग अगदी सावकाश, नजर पडद्यावर ठेवून, एकेक अक्षर बघत त्यांनी लिहिलं, "तुमच्या या खात्यात आत जाऊन बघा. खातं तिने काढलं तेव्हा घातलेला नंबर तिथे आहे. तोच तिचा."

वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. निळं दार गप्प, हिरव्यात करडं वर्तुळ. मामाने तर काकांच्या जुन्या पट्ट्याचं रिकामं खोकं मला टाकून द्यायला लावलं. मी दोनदा म्हटलं, "विचारू का ताई, मिळाला का नंबर?" ताई म्हणाल्या, "नको. आता ते आपल्या दारात नाहीत." पण तरीही शेवटी ते वर्तुळ उघडून बघणं काही सुटलं नाही. मला वाटतं, ती बाई आयुष्यात दुसऱ्यांदा एका गप्प दारासमोर उभी होती. फरक इतकाच, की या वेळी तिने दार सोडलेलं नव्हतं.

मग एक दिवस, ऊन कलत होतं. दुकानात लोकरीच्या मशीनवाल्या दोन बहिणी एकमेकींवर खापर फोडत उभ्या होत्या, कुणी सुई वाकवली यावरून. मी त्यांना सुया दाखवत होतो. ताई म्हणाल्या, "इकडे ये." तोच हळू आवाज. मी सुयांचा डबा घेऊनच गेलो.

हिरव्या दारात वर्तुळाच्या जागी निवडुंग होतं. त्याला आता बारीकसं लाल फूल आलं होतं, म्हणजे फोटो नवा होता. खाली लिहिलं होतं, "पायमशीनला साध्या सुती कापडासाठी कुठल्या नंबरची सुई लागते? बाबा विचारतायत. उशीचे अभ्रे शिवायचे म्हणतात."

मी दोनदा वाचलं. काकांकडे निळं दार होतं. सुईचा नंबर त्यांनी आम्हाला सरळ विचारला असता तर एका ओळीत काम झालं असतं. त्यांनी तो मुलीला विचारला होता, लांब दुसऱ्या शहरात, आणि मुलीने आम्हाला.

"काय लिहिणार?" मी विचारलं.

ताईंनी एका बोटाने लिहिलं, "चौदा."

"एवढंच?"

"सुईचाच नंबर विचारलाय तिने," ताई म्हणाल्या. उत्तर पाठवून त्यांनी मान वर केली आणि शेजारचा ठिपका हिरवा आहे ना ते बघितलं. हिरवाच होता.

आतून मिस्त्रींनी विचारलं, "कोण होतं? आवाजवाले का?"

"त्यांची मुलगी."

"आवाजाचं काही म्हणाली?"

"नाही," ताई म्हणाल्या, आणि थंड झालेला चहा उचलून तसाच पिऊन टाकला.